‘आता तुम्ही फक्त आराम करा’ : उतारवयातलं मन आणि समाधान, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत, बागेतल्या कट्ट्यावर आणि दवाखान्याच्या बाकावर हे प्रश्न नेहमी निघतात. काही ज्येष्ठांनी स्वतःसाठी विचारलेले आहेत, काही त्यांच्या मुला-सुनांनी. ज्याला जो लागू पडेल तो वाचावा, सगळे क्रमाने वाचण्याची गरज नाही.

साठी उलटली की मन उदास होणारच, नाही का?

नाही. गुडघे दुखणार, चष्म्याचा नंबर वाढणार हे ओघानं आलं, पण उदासपणा त्या यादीत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी या विषयावर अनेक दशकं काम केलं आहे. वय वाढतं तसा राग, काळजी अशा भावनांचा रोजचा जोर बहुतेकांमध्ये कमी होतो, असं त्यांना दिसलं. पुढे उरलेला काळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस ओळखीपाळखीचा पसारा आवरतो आणि ज्यांच्या सोबत बरं वाटतं त्यांनाच वेळ देतो, हे त्यांचं त्यामागचं स्पष्टीकरण. म्हणून ‘बाबा हल्ली फारसे कुणाकडे जात नाहीत’ हे दर वेळी काळजीचं लक्षण नसतं. नको असलेली बारशी-मुंजी टाळण्याची मुभा त्यांनी आता स्वतःला दिलेली असू शकते.

मात्र सगळ्या जगात हे चित्र सारखं नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्टेप्टो, डीटन आणि स्टोन या संशोधकांचा एक लेख आला होता. त्यानुसार इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंत देशांत आयुष्याबद्दलचं समाधान मध्यमवयात तळाला जातं आणि पुढे पुन्हा चढतं. पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या देशांत आणि लॅटिन अमेरिकेत मात्र ते वयाबरोबर उतरत जातं. हातात पैसा, वेळेवर औषधपाणी आणि घरात मान असेल, तरच वय मनाला सांभाळून घेतं, असा मी तरी याचा अर्थ लावतो.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिला ‘लासी’ म्हणतात. लक्षणं विचारून पडताळलं तेव्हा साठीपुढच्या सुमारे ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्य असण्याची शक्यता दिसली. ‘तुम्हाला नैराश्याचं निदान झालं आहे का’ असं थेट विचारल्यावर मात्र ‘हो’ म्हणणारे १ टक्कासुद्धा नव्हते. मधली सगळी माणसं कुठे आहेत? बहुतेक घरातच, ‘वय झालं, चालायचंच’ या वाक्याखाली.

आम्ही आईवडिलांना काही कमी पडू देत नाही. तरी ते खूश का नसतात?

हा प्रश्न विचारणारी मुलं बहुतेक वेळा खरोखरच चांगली असतात. घरात एसी असतो, कामाला बाई असते, औषधं वेळेवर येतात. आणि हळूहळू सगळे निर्णयही मुलांकडे आलेले असतात. भाजी ॲपवरून येते, वीजबिल मुलगा भरतो, डॉक्टर मुलाशी बोलतात आणि पेशंट शेजारी बसून ऐकतो. जेवायला काय करायचं हे सूनबाई ठरवते. ‘तुम्हाला कशाला त्रास’ हे प्रेमानंच म्हटलेलं असतं, पण वर्षभर रोज ऐकलं की माणसाला त्यातून एवढंच कळतं की आपल्यावाचून इथे काही अडत नाही.

१९७६ साली एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका शुश्रूषागृहात एक छोटा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोप दिलं आणि ते जगवण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालणार होत्या आणि बाकीची काळजीही कर्मचारीच घेणार होते. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि आनंदी दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर सगळा भार टाकू नये. पण आपल्या घरांतली गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

म्हणून सोयी वाढवण्याआधी निर्णय परत करा. दूधवाल्याचा हिशेब बाबांकडे राहू द्या, चुकला तर चुकला. आईच्या बँक खात्याचं एटीएम कार्ड आईच्याच पाकिटात असू द्या. डॉक्टरांची वेळ घेण्याआधी त्यांना विचारा. दिवाळीत कुणाला काय द्यायचं हे त्यांना ठरवू द्या आणि ठरवल्यावर त्यात सुधारणा सुचवू नका. यात तुमचा वेळ जाईल, कधी थोडे पैसेही जातील. मग माझ्यासारखे लोक ‘आराम करा’ म्हणण्याच्या विरोधात का, असं कुणी विचारतं. आराम वाईट नाही. तो मागितल्यावर द्यायचा असतो, लादायचा नसतो.

वडील सारखे चिडतात, पण विचारलं तर म्हणतात, ‘माझं आयुष्य छान गेलं.’ नक्की खरं काय?

दोन्ही खरं असू शकतं. आज सकाळी मन कसं आहे ही एक गोष्ट, आणि एकूण आयुष्याकडे पाहून काय वाटतं ही दुसरी. संशोधकही या दोन्ही वेगवेगळ्या मोजतात. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली तयार केलेली पाच वाक्यांची प्रश्नावली फक्त दुसरीबद्दल विचारते. सांधेदुखी, बद्धकोष्ठ किंवा अपुरी झोप रोजची चिडचिड वाढवतात, त्यानं आयुष्याचा हिशेब बिघडतोच असं नाही. चिडचिड अचानक सुरू झाली असेल तर मात्र आधी शरीर तपासा. लघवीचा संसर्ग, थायरॉइड, नवीन सुरू केलेलं औषध, यापैकी काहीही असू शकतं.

निवृत्तीनंतर घर खायला उठतं. हे किती दिवस चालणार?

पहिले काही महिने सुट्टीसारखे जातात, मग जाणवायला लागतं. सकाळी नऊची लोकल गेली तशी ‘साहेब’ म्हणणारी माणसंही गेली. पुरुषांना हे जास्त लागतं, कारण ऑफिसच्या बाहेर त्यांनी फारशी मैत्री केलेली नसते. घर सांभाळणाऱ्या बाईला निवृत्ती नसतेच. उलट नवरा दिवसभर घरी आल्यानं तिचं काम वाढतं, आणि चहा किती वेळा करायचा यावरून तंटे सुरू होतात. हा विनोद नाही, निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षातली बरीच भांडणं याच जातीची असतात. दुपारी दोघांनी दोन ठिकाणी असावं. एखादी ठरलेली बाहेरची जबाबदारी घ्यावी: सोसायटीचं पाण्याचं वेळापत्रक, वाचनालयातली पाळी, शेजारच्या मुलाचं गणित. ‘छंद जोपासा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल, असं काहीतरी हवं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागतं, त्याचा अनेकांना राग येतो. आता तो घरबसल्या मोबाईलवरूनही देता येतो. पण त्या निमित्तानं जुने सहकारी भेटतात म्हणून मुद्दाम रांगेत उभे राहणारेही आहेत.

हात थरथरतात, पूर्वीसारखं काही जमत नाही. सोडून द्यावं का?

सगळं सोडू नका, थोडं निवडा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरातही इतकं चांगलं कसं वाजवता, असं रुबिनस्टाइन यांना विचारलं. ते म्हणाले, कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त सराव करतो, आणि द्रुत भाग येण्याआधी लय मुद्दाम थोडी उतरवतो, म्हणजे पुढचा भाग जलद वाटतो. पुरणपोळी एकटीनं पंचवीस माणसांची होत नसेल तर पुरण तुम्ही वाटा आणि लाटायला सुनेला बसवा. चव तुमचीच राहील.

मुलं परदेशात, आम्ही दोघंच. रोज व्हिडिओ कॉल होतो, तरी पोकळी का वाटते?

कारण ‘जेवलात का, औषध घेतलंत का, बरं ठेवतो’ हा कॉल हजेरीचा आहे. मुलांनी कधीतरी काही विचारण्यासाठी फोन करावा. नोकरी बदलू का, मेथीचा कडूपणा कसा घालवायचा, आजोबांच्या गावच्या घराचं काय झालं. सल्ला मानला नाही तरी चालेल, पण विचारा.

ज्येष्ठांसाठी मात्र वेगळी गोष्ट सांगतो. सातासमुद्रापारच्या मुलापेक्षा जिन्यासमोरचा शेजारी रोजच्या मनःस्थितीला जास्त उपयोगी पडतो. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला, माणसांच्या साऱ्या आयुष्याचा मागोवा घेणारा अभ्यास आजही चालू आहे. त्यात असं दिसलं की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, तेच ऐंशीत जास्त निरोगी राहिले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून एवढा नेमका अंदाज येत नव्हता. नाती म्हणजे फक्त रक्ताची नव्हेत. भिशी, हरिपाठाचं मंडळ, सकाळी चालणाऱ्यांची टोळी, सगळं त्यात येतं. आणि एसटीचा विसर पडू देऊ नका. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट. बहिणीकडे जायला मुलाच्या गाडीची वाट पाहायची गरज राहिलेली नाही.

बाबा जेवायला एकत्र बसतात, पण बोलत नाहीत. रुसले आहेत का?

आधी कान तपासा. ऐकू कमी आलं की माणूस दोनदा ‘काय?’ म्हणतो, तिसऱ्यांदा हसून मान डोलावतो आणि चौथ्यांदा बोलणंच सोडतो. घरच्यांना ते तुटकपणाचं वाटतं. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये विस्मरणाच्या आजारामागची १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं आहे. मोतीबिंदूचंही तेच, दिसत नाही म्हणून बाहेर पडणं थांबतं. ऐपत नसेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांपर्यंत असलेल्यांना उपकरणांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. चांगल्या श्रवणयंत्राला ते पुरत नाहीत, पण चष्मा, काठी, कमरेचा पट्टा यांना हातभार लागतो.

नातवंडं सांभाळणं आनंदाचं की ओझ्याचं?

तासांवर अवलंबून आहे. संध्याकाळी दोन तास नातवाबरोबर बागेत जाणं वेगळं, आणि पासष्टीत सकाळी आठ ते रात्री आठ दोन पोरांमागे धावणं वेगळं. ‘तुम्ही घरीच असता ना’ हे गृहीत धरणं जास्त दुखावतं. आठवड्याची एक सुट्टी आजीलाही ठरवून द्या. आणि आज्यांनो, कंबर धरली असेल तर स्पष्ट सांगा. सांगितल्यानं प्रेम कमी होत नाही.

जोडीदार गेल्यावर दुःख किती दिवस राहतं?

दुःखाला मुदत नसते, त्याची तीव्रता मात्र बदलते. सुरुवातीला गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, दोन कप चहा टाकणं, हे अगदी नेहमीचं आहे, वेड नव्हे. सहा महिने-वर्ष उलटूनही रोजचं जगणं पूर्ण ठप्प असेल, जेवणखाण, आंघोळ, माणसं सगळंच सुटलं असेल, तर मदत घ्यायची वेळ आली.

आपल्याकडे विधुराची आणि विधवेची अडचण निरनिराळी असते. त्याला साखरेचा डबा कुठे आहे हे माहीत नसतं, तिला पासबुक कुठे आहे हे. शिवाय तिच्यावर रूढींचा भार. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या. पुढे राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंना बोलवायला ठराव लागत नाही.

साठीनंतर पुन्हा लग्न किंवा सोबत?

हवीशी वाटत असेल तर जरूर. पुण्यात अशा सोबतीसाठी ज्येष्ठांचं मंडळच चालतं. मुलांचा विरोध बहुधा संस्कृतीपेक्षा इस्टेटीपायी असतो. आधी मृत्युपत्र करून टाकलं की तो बराच निवळतो.

साधी उदासी, नैराश्य आणि विस्मरणाचा आजार यांत फरक कसा ओळखायचा?

उदासी येते आणि जाते, नातू आला की चेहरा खुलतो. नैराश्यात दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही. आपल्याकडचे ज्येष्ठ ‘मन उदास आहे’ असं क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, ‘छातीत धडधडतं, पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही.’ तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात आणि डॉक्टर बदलत राहतात.

नैराश्यातही विसरायला होतं. ढोबळ खूण अशी की नैराश्याचा माणूस ‘मला काहीच आठवत नाही हो’ अशी तक्रार स्वतः करतो. विस्मरणाच्या आजारात तक्रार घरचे करतात, आणि आजी म्हणतात, ‘मला काय झालंय?’ ही खूण म्हणजे निदान नव्हे. डॉक्टर ज्येष्ठांसाठी पंधरा प्रश्नांची हो-नाहीची एक चाचणी वापरतात, ती पाच-सात मिनिटांत होते. सोबत बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार आढळतं, आणि त्याचा मनावर व स्मरणावर दोन्हीकडे परिणाम होतो.

आई सारखी म्हणते, ‘देव आता नेत का नाही?’ हे गंभीर घ्यावं का?

घ्यावं. पुष्कळदा ती बोलण्याची पद्धत असते, पण ते गृहीत धरू नका. शेजारी बसून सरळ विचारा: ‘आई, स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा जेवण सोडणं, औषधं साठवणं, वस्तू वाटून टाकणं असं दिसत असेल, तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं हाताशी ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तातडीचं असेल तर १०८ किंवा ११२.

ते डॉक्टरकडे येतच नाहीत. ‘मी काय वेडा आहे?’ म्हणतात.

मग मानसोपचारापासून सुरुवात करू नका. झोप येत नाही, भूक नाही, या तक्रारीसाठी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे न्या आणि डॉक्टरांना आधी कल्पना देऊन ठेवा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नयेत. या वयात काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं. चक्कर, गोंधळलेपणा वाटला तर लगेच कळवा.

पहाटे तीनला जाग येते. झोपेची गोळी घेऊ का?

रात्री नऊला झोपून तीनला उठलात तर सहा तास झाले, दुपारचा तास धरला तर सात. या वयात झोपेची वेळच अलीकडे सरकते. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांनी रात्री तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. पण वर्षानुवर्षं घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा.

घर मुलांच्या नावावर करून मोकळं व्हावं का?

घाई करू नका. मनःशांतीचा विषय म्हणूनच हे इथे सांगतो आहे, कारण उतारवयातल्या भीतीपैकी मोठा भाग डोक्यावरच्या छपराचा असतो. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र सहजी फिरवता येत नाही. द्यायचंच असेल तर ‘आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर’ हे त्या दस्तात लिहून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार ती अट मोडली तर व्यवहार रद्द होऊ शकतो. निर्वाहभत्त्यासाठी प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर दाद मागता येते. कुठे जावं कळत नसेल, घरात मारहाण किंवा उपासमार होत असेल, तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक आहे.

शेवटच्या आजाराबद्दल घरात बोलावं का? अभद्र वाटतं.

बोलावं. व्हेंटिलेटर हवा की नको हे आधी सांगून ठेवलं नसेल तर तो निर्णय रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात घाबरलेल्या मुलीला घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याबाबतच्या लेखी इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

वृद्धाश्रमात जाणं म्हणजे हार का?

कुणी ठरवलं यावर आहे. स्वतः चार ठिकाणं पाहून, जेवून, राहून बघून गेलेली माणसं तिथे मजेत दिसतात. ‘चला, जरा फिरायला जाऊ’ म्हणून आणलेली नाहीत.

ज्येष्ठ नागरिक संघात गेलो, पण मन रमलं नाही. नुसतं राजकारण आणि मधुमेह!

होतं असं. तिथे अध्यक्षपदावरून निवडणुकाही रंगतात. दुसऱ्या गटात जाऊन बघा: भजनी मंडळ, विरंगुळा केंद्रातला कॅरम, टेकडीवर झाडं लावणारे, वाचनकट्टा. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी कुणी ओळखत नाही, म्हणून निदान तीन-चारदा तरी जा. आणि नुसते श्रोते होऊन बसू नका, एखादं काम मागून घ्या. सतरंज्या घालणं, हजेरीची वही, सहलीचे पैसे गोळा करणं, काहीही. खजिनदाराचं पद मात्र विचार करून घ्या, त्यात मैत्र्या तुटतात.